ताईच्या जीपचं स्टिअरिंग

ताईचं ऑपरेशन झालं आणि तिची जीप धाकट्या भावाच्या गॅरेजमागे ताडपत्रीखाली जाऊन उभी राहिली. भावाला घरात सगळे बारक्या म्हणत. चाळिशी उलटली, पोट सुटलं, पण हे नाव काही सुटलं नाही. जीप तिथे आणून लावली तीही त्यानंच, कुणी न सांगता. किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली आणि मनातल्या मनात विषय संपवला.

ताईचं काम डोंगरातलं. वर विखुरलेल्या वस्त्या होत्या आणि तिथवर डांबरी रस्ता नव्हता, नुसती दगडमातीची वाट. सरकारी दवाखान्यातली सिस्टर औषधांचे खोके घेऊन वर जायची आणि तिला नेणारी जीप ताईची. जाताना औषधं, येताना आजारी माणूस. अडलेली बाळंतीण, ताप डोक्यात गेलेलं पोर, पाय मोडलेला म्हातारा, सगळे त्याच मागच्या बाकावर आडवे होऊन खाली आले होते. जीप जुनी, स्टिअरिंग साधं. उभ्या गाडीची चाकं वळवायची तर दोन्ही हातांनी, पार कमरेतून जोर काढावा लागे. ताईचे दंड बघून वस्तीतले गडी म्हणत, "ताईशी पंजा लढवायचा नाही बाबा, उद्या काम आहे शेतात."

मग तिच्या उजव्या छातीत गाठ निघाली. गाठीबरोबर काखेतलंही बरंच काही काढावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की या हातानं आता जन्मभर जड उचलायचं नाही, ओढायचं नाही. हात सुजला तर ती सूज पुरती जात नाही. आईनं हे ऐकलं आणि डोळे पुसता पुसता म्हणाली, "सुटली एकदाची त्या डोंगरातून." बारक्यालाही तसंच वाटलं होतं, पण तो बोलला नाही.

एके दिवशी दुपारी ताई चालत गॅरेजमध्ये आली. डोक्याला रुमाल, उजवा हात पोटाशी धरलेला. बारक्या एका गाडीच्या खाली होता. त्याला आधी तिच्या चपला दिसल्या.

"माझी गाडी कुठंय?"

"मागं आहे. आणि तू चालत कशाला आलीस? फोन करायचा ना."

"तिला पॉवर स्टिअरिंग बसवून दे."

बारक्या सरपटत बाहेर आला. "त्या म्हातारीला?"

"म्हातारीला नको. मला बसव."

त्यानं कारणं सांगायला सुरुवात केली. इंजिनावर पॉवर स्टिअरिंगच्या तेलपंपाला जागा नाही. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, अरुंद आहे, स्टिअरिंगचा नवा डबा तिच्यावर बसणार नाही. रेडिएटर आडवा येतो. यातलं काही खोटं नव्हतं. ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"जमत नाही की करायचं नाही? काय ते एक सांग."

बारक्यानं पाना पुसला, परत पुसला. "करायचं नाही."

"का?"

"तू परत वर गेलीस आणि काही झालं, तर आईला मी कुठल्या तोंडानं सांगू?"

ताई जुन्या टायरवर बसली. "लोक घरी येतात," ती म्हणाली. "फळं ठेवतात आणि माझ्याशी हळू आवाजात बोलतात. आई स्वयंपाकघरात जाऊन रडते आणि नाक शिंकरून बाहेर येते. सकाळी डोळे उघडले की वाटतं, आता हा दिवस कुठं घालवू? मी मेले नाही रे बारक्या. पण सगळ्यांनी मला उचलून एका कपाटात ठेवलंय."

त्यानं पाना खाली ठेवला.

"सिस्टर खोका पाठीवर बांधून चालत जाते," ताई पुढे म्हणाली. "आजारी माणसाला झोळीत घालून आणतात. परवा एक म्हातारी झोळीतच गेली."

हे बारक्याला ठाऊक होतं. गॅरेजमध्ये बातम्या आधी पोचतात. त्यानं उठून ड्रॉवरमधली किल्ली काढली आणि मागच्या बाजूला जाऊन ताडपत्री ओढली.

भंगारवाल्याकडे त्याला त्याच जातीची, पण बरीच नवी जीप मिळाली. मागून पार चेपलेली, पुढून शाबूत. तिचा स्टिअरिंगचा डबा, पंप, तेलाची टाकी आणि पाइप त्यानं काढून आणले. जुना डबा उतरवला, तेव्हा चासीला एक बारीक चीर दिसली. इतकी वर्षं ताई त्या चिरेवर माणसं आणत होती. त्यानं ती तिला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "बघ, वेळेवर आले की नाही तुझ्याकडे?" त्यानं चीर वेल्डिंगनं भरली, वरून जाड पाटा जोडला आणि त्या पाट्यावर नवा डबा बसवला. रेडिएटर पुढे सरकवला. स्टिअरिंगच्या चाकापासून डब्यापर्यंतचा दांडा लांब पडत होता, तो कापून मध्ये सांधा घातला. लेथवाल्याकडून इंजिनासाठी जोडखाचांची पुली करून आणली, म्हणजे एक पट्टा पंख्याला आणि दुसरा पंपाला. पंप टांगायला लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट त्यानं स्वतः घडवला.

ताई रोज दुपारी यायची आणि डाव्या हातात दिवा धरून उभी राहायची.

"जरा वर धर. अजून वर."

"हात आहे तो माझा, विजेचा खांब नाही."

तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून बारक्यानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत ठेवलं, पाइपातली सगळी हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत. मग जीप खाली उतरवली, इंजिन चालू केलं आणि तो बाजूला झाला. "बस."

ताई चढून बसली. डाव्या हाताचा पंजा स्टिअरिंगवर ठेवला आणि ते वळवलं. जागेवर उभ्या जीपची चाकं कुरकुर न करता वळली. तिनं परत उलट वळवलं. बारक्याला वाटलं ती हसेल. ती खाली उतरली, जीपच्या मागे गेली आणि पाठ करून बराच वेळ तिथे उभी राहिली. तो तिच्याकडे गेला नाही. पाने-पकडी गोळा करत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डोंगराकडे निघाली. मागचा बाक रिकामा होता. खालची वळणं ताईनं सहज घेतली. "हे फारच हलकं आहे रे," ती म्हणाली. "दगडावर चढलं तरी हाताला कळत नाही." पण तिचा आवाज पूर्वीसारखा मोठा झाला होता.

वरच्या एका वळणावर बॉनेटखाली फाडकन आवाज झाला आणि चाक तिच्या हातात दगडासारखं अडकलं. पंपाचा पट्टा उडाला होता. असं झालं की हे स्टिअरिंग साध्यापेक्षाही जड होतं, हे बारक्यानं तिला आधीच सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं. जीप अर्धी वळलेली आणि समोर दरी. ताईनं दोन्ही हातांनी चाक ओढलं आणि कळवळून ओरडली. बारक्यानं आडवं होऊन चाक धरलं, तिनं ब्रेकवर पाय रोवला. जीप थांबली. पुढच्या चाकाखालचे खडे घरंगळत खाली गेले. किती खाली गेले ते दोघांनी ऐकलं.

"बास," बारक्या म्हणाला. "झालं आता."

ताईनं उजवा हात छातीशी घट्ट धरला होता. ती म्हणाली, "मागं कुणी असतं तर?"

तो हेच म्हणणार होता. तिनं म्हटल्यावर मात्र त्याला वाईट वाटलं. तो खाली उतरला, चाकांना दगड लावले आणि बॉनेट उघडलं. ब्रॅकेट एकाच बाजूनं आवळलेला होता. चढावर जोर आला तसा तो वाकला, पुली तिरपी झाली आणि पट्टा निसटला.

"दुसऱ्या बाजूनं टेकू द्यायला हवा होता," तो म्हणाला. "माझं चुकलं."

"मग दे टेकू," ताई म्हणाली.

त्यानं टेकू दिला. एक नाही, दोन. पण ताईनं जीप लगेच वर नेली नाही. तिनं त्याला मोकळ्या मैदानात पट्टा मुद्दाम काढायला लावला आणि तशी जीप चालवून पाहिली. डाव्या हातानं चाक हलेना. दोन्ही हातांनी हललं, पण तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे पट्टा गेला तर वळवायचं नाही, थांबायचं. तिनं त्याचीच सवय केली. वळणाआधी खालचा गिअर, माणूस पायी चालेल इतकाच वेग, पाय ब्रेकवर. आणि आणखी एक ठरवलं. गाडीत गाडी चालवणारं दुसरं माणूस असल्याशिवाय डोंगर चढायचा नाही.

ते दुसरं माणूस म्हणजे सिस्टर. काडीसारखी बाई. पूर्वी एकदा ताई तिला शिकवायला गेली होती, तेव्हा ती त्या जुन्या चाकाला वाळत घातलेल्या कपड्यासारखी लोंबकळली होती. आता चाक तिच्या हातांना ऐकू लागलं. गॅरेजमागच्या मैदानात रोज संध्याकाळी ताईचा आवाज घुमायचा, "सिस्टर, रस्त्याकडे बघा! गिअरकडे काय बघताय, तो पळून जाणार आहे का?"

मग जीप वर गेली. वस्तीतला एक म्हातारा ताईजवळ आला, तिच्या रुमालाकडे निरखून बघत मोठ्यानं म्हणाला, "केस कुठं गेले गं?"

"धुवायला टाकलेत."

सगळे हसले. तिच्याशी हळू बोलायचं असतं हे तिथे कुणाला माहीतच नव्हतं.

दोन पावसाळे ताईनं जीप चालवली. मग व्हायचं ते झालंच. हात सुजला. डॉक्टर म्हणाले, गाडीमुळे म्हणता येणार नाही, काहींचा बसून राहूनही सुजतो. ताईनं सूज दाबून धरणारी घट्ट बाही चढवली, आणखी काही दिवस चालवली. एक दिवस दवाखान्यासमोर गाडी उभी केल्यावर ती उतरली, वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथे बसली. सिस्टरनं काही न विचारता चाक हातात घेतलं.

बारक्याला हे सिस्टरकडून कळलं. तो तसाच, काळ्या हातांनी घरी गेला. ताई ओट्याशी बसून डाव्या हातानं मटार सोलत होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रडला असतास."

तो रडलाच. ताईनं मटारची थाळी बाजूला सारली आणि त्याला रडू दिलं. आई दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

"मलाही वाईट वाटतं रे," ताई म्हणाली. "कुणाला चाक देणं सोपं नसतं. पण कुणी काढून घेतलं नाही, मीच दिलं. आता अडचण वेगळीच आहे. मागं अडलेली बाई असली की सिस्टरला तिच्यापाशी बसावं लागतं. मग पुढं कोण?"

बारक्यानं बाहीनं नाक पुसलं. गालावर ऑइलचा पट्टा उमटला.

"तुझं गॅरेज आठवड्यातून एक दिवस बंद ठेवलंस तर गिऱ्हाईक पळतील का?"

"सिस्टर वर कोणत्या दिवशी जाते?" त्यानं विचारलं.

पुढच्याच फेरीला वरून एक बाळंतीण आणायची होती. सिस्टर मागे तिचा हात धरून बसली, तिची सासू पायाशी. बारक्या चाकावर बसला. खाली उतरणाऱ्या वाटेकडे बघून त्यानं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बाजूच्या सीटवर ताई होती, मांडीवर औषधांचा रिकामा खोका घेऊन.

"पहिलं वळण डावीकडे," ती म्हणाली. "घाई नाही. मी सांगते तसं घे."

मागे बाई कण्हली. बारक्यानं खालचा गिअर टाकला आणि ताई सांगत गेली तशी जीप खाली नेली. पायथ्याचा डांबरी रस्ता लागला, तेव्हा मूल अजून जन्मलं नव्हतं, बाई शुद्धीवर होती, आणि दवाखान्याचं फाटक समोर दिसत होतं.