काळ्या कापडाखाली दोघं

गुरुलिंग फोटोवाल्याचा कॅमेरा न्यायला दोन माणसं लागायची, आणि त्यातलं दुसरं माणूस म्हणजे त्याची बायको, शिवकांता. लातूरच्या गंजगोलाईजवळ त्यांचा स्टुडिओ होता. पोट भरायचं ते लग्नकार्यांच्या फोटोंवर, पण गुरुलिंगचा जीव रमायचा उघड्या माळावर. लाकडी घडीचा मोठा कॅमेरा त्याच्या खांद्यावर, तिपाई आणि भाकरीचं गाठोडं तिच्याकडे, अशी ती दोघं उदगीरच्या किल्ल्यापासून इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड धबधब्यापर्यंत हिंडली होती. धोंडप्पा आडते दरवर्षी त्यातलाच एखादा फोटो आपल्या दुकानाच्या कॅलेंडरवर छापत.

चाळिशीनंतर गुरुलिंगची जवळची नजर उतरली, तेव्हापासून फोटो जुळवताना डोक्यावर घ्यायच्या काळ्या कापडात तो तिलाही घ्यायचा. आत अंधार, समोर कॅमेऱ्याची घासून धुरकट केलेली काच, आणि काचेवर सगळं उलटं: आभाळ खाली, जमीन वर, धबधबा वर चढणारा.

"दगड नीट दिसायलाय का?" तो विचारायचा.

ती भिंग लावून बघायची. "आनखी जरासं. हं, आता."

घरात सासू होती, दुकानात गिऱ्हाईक, देवळात गाव. नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून ती कुठं उभी राहिली असेल, तर त्या कापडाखालीच.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्यांना रंग लागत होता आणि गावोगावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. त्या उन्हाळ्यात गुरुलिंग स्टुडिओतच छाती धरून खाली बसला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "वजन उचलणं बंद. कायमचं."

तो बरेच दिवस स्टुडिओत गेलाच नाही. मग एका सकाळी दुबईहून आलेल्या ओळखीच्या माणसाकडून छोटा कॅमेरा घेऊनच घरी आला. लहान पोरासारखा हसत होता.

"बघ! पिशवीत मावतोय. तिपाई नको, कापड नको. तुझ्या डोक्यावरचं ओझंबी उतरलं."

"बरं झालं," शिवकांता म्हणाली. खरंच बरं झालं होतं. नवरा वाचला होता, हसत होता. तिनं कॅमेऱ्याला डोळा लावला. चित्र सरळ होतं, इवलंसं होतं, आणि तिथं एकाच डोळ्यापुरती जागा होती.

मोठा कॅमेरा लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेला. गुरुलिंग एकटा जायला लागला. दोनदा गेला, धड परत आला. तिसऱ्यांदा किल्लारीकडच्या एका आटलेल्या तळ्यावर गेला. दुपारच्या गाडीनं येतो म्हणाला होता. ती गाडी आली, त्यात तो नव्हता. पुढच्या गाडीतही नव्हता. शिवकांतानं दुकानाला कुलूप घातलं आणि किल्लारीची बस धरली.

फाट्यावर जीपवाल्याला विचारलं. "फोटोवाले मामा? हाव, सकाळी म्याच सोडलं की तळ्यावर. बसा."

काठावरच्या बाभळीखाली तो बसला होता. तोंड पांढरंफटक. शेळ्या राखणारी एक म्हातारी, नागुबाई, त्याला पदरानं वारा घालत होती.

"तुजा मालक का गं? कवाधरनं बसलाय. गोळी जिभेखाली धरली म्हणतोय, पर उठाया येईना त्याला."

शिवकांता त्याच्यासमोर बसली. आधी तिनं त्याला पाणी पाजलं, त्याचा श्वास नीट चालल्याचं बघितलं. मग मात्र तिचा आवाज फुटला. "येकटे कशाला आला?"

"कॅमेरा हलका हाय म्हणून…"

"म्हणून मला घरी ठेवलं?"

"अगं, ओझंच राहिलं न्हाई, तर तू येऊन काय करणार?"

"मी इतकी वर्सं ओझं वाहायला येत होते व्हय?"

नागुबाई उठून शेळ्यांकडे गेली.

त्यानंतर डॉक्टरांनी लांबचा प्रवासही बंद केला. छोटा कॅमेरा खुंटीला लटकून राहिला. श्रावणात धोंडप्पा आले. "यंदा कॅलेंडरला पाणीच पाहिजे. रंगीत. शिवारात न्हाई तर न्हाई, लोकांना भिंतीवर तरी दिसू द्या. सहस्रकुंड काढा." गुरुलिंग खाली मान घालून बसला.

"मी जाते," शिवकांता म्हणाली. "भोकरला लेक हाय, तिथं उतरंन."

"तुला काय येतंय?" तो एकदम तुटून पडला.

"शिकवा."

त्यानं शिकवलं, पण गोडीनं नाही. ती चुकली की कॅमेरा हिसकावून घ्यायचा, पुन्हा हातात द्यायचा. निघायच्या सकाळी दोनदा तिनं बटन वर-खाली करून दाखवलं, तरी त्याचं समाधान झालं नाही.

सहस्रकुंडाला पाण्याची एकच बारीक धार होती. बाकी काळा कातळ नुसता उघडा पडलेला. खालच्या डोहात बाया वाकून घागरी भरत होत्या. शिवकांताला बघून त्या हसल्या, आणि आपल्या कामाला लागल्या. तिनं रोल संपवला. भीती तर होतीच. पण एकदाही नवऱ्याला विचारायला हवं होतं असं वाटलं नाही, आणि परतताना गाडीत त्याचंच तिला वाईट वाटत राहिलं.

रंगीत रोल धुणं गुरुलिंगच्या हातात नव्हतं. तो नांदेडला द्यावा लागला. फोटो आले. कितीतरी तिरपे, काही काळे. एक तेवढा धड निघाला: कातळ, धार आणि घागरीवर वाकलेल्या बाया.

"ह्यात पाणी कुठाय?" धोंडप्पा म्हणाले. "हे तर आमी रोजच बघतो." त्यांनी त्या वर्षी महादेवाचं चित्र छापलं.

ते गेल्यावर गुरुलिंग तो फोटो घेऊन दारातल्या उजेडात उभा राहिला.

"लई वाईट आलाय का?" तिनं विचारलं.

"न्हाई. चांगला हाय." फोटो जरा लांब धरून म्हणाला, "मी असतो तर बायांना बाजूला सरा म्हणलो असतो." आणि मग, तिच्याकडे न बघता, "आता माझं काय काम?"

हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. म्हणून तिनं खोटा धीर दिला नाही. "हत्तीबेट काय लांब न्हाई, डोंगराच्या पायथ्यापर्यंत जीप जाती," ती म्हणाली. "तुमी खाली सावलीला बसा. उजेड कसा पडलाय ते तुमी सांगायचं."

"नुसतं बसून?"

"हाव. बसून."

त्यानं फोटो टेबलावर ठेवला आणि आत निघून गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेरून आला, चपला काढता काढता म्हणाला, "जीपवाल्याला सांगून आलोय. पुढची शीट लागंल म्हणलं, छातीचा पेशंट हाय." आणि पाणी मागितलं.