गुरम्माची टाकी

माणिकप्पाचा सूड पूर्ण झाला तेव्हा रेणुकादास सरांच्या गळ्यात एवढे हार होते, की त्यांना नकारार्थी मानसुद्धा हलवता येईना. निलंग्याच्या भर बाजारात, लाउडस्पीकरवरून, टाळ्यांच्या गजरात सूड उगवला गेला. पण ते राहू द्या. तसं काही झालंच नाही. सरांच्या संस्थेच्या लेखी तो 'स्नेहमेळावा' होता, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

माणिकप्पाचं निलंग्यात भांड्यांचं दुकान. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि लोकांना त्याची एवढी हौस, की तिथल्या एका न्हाव्यानं पाटीवर 'जिल्हा केशकर्तनालय' रंगवून घेतलं. जिल्हा आला, कलेक्टर आले, इंजिनियरिंग कॉलेज आलं. पाऊस तेवढा आला नाही. कॉलेजच्या मागोमाग त्याचा निधी संकलन कक्ष आला. कक्ष म्हणजे रेणुकादास सर, एक जीप आणि जीपचा ड्रायव्हर शेषेराव.

कक्षाची रीत ठरलेली. देणगी मागायची नाही. आधी हार घालायचा, मग माइकवर सांगायचं, की दानशूर अमुकअप्पांनी देणगी जाहीर केली आहे. अमुकअप्पांनाही ते तिथंच कळायचं. पहिली टाळी शेषेरावनं वाजवायची. त्याची नेमणूक निम्मी गाडीसाठी आणि निम्मी टाळीसाठी होती. एकदा टाळ्या पडल्या, की हारातला माणूस नाही म्हणत नाही. बघा कधी म्हणून.

बायको गेली त्या वर्षी माणिकप्पाच्या गळ्यात असाच हार पडला. त्यानं एकच अट घातली. गुरम्मा जन्मभर दुकानापुढं रांजण भरून ठेवायची. नवऱ्याचा चहा विसरायची, रांजण विसरायची नाही. तेव्हा तिचं नाव लावायचं तर प्यायच्या पाण्यावर. सरांनी खास नांदेडहून संगमरवरी पाटी आणवली. कॉलेजात टाकी बांधली, नळ बसवले, पाटी लावली. पाणी सोडायचं तेवढं राहिलं.

उन्हाळ्यात माणिकप्पा माल घ्यायला लातूरला गेला आणि सहज टाकी बघायला वळला. भोकरकडचं एक पोरगं नळ पिळत होतं.

"कामून पिळून राहिलास?" दुसरं ओरडलं. "गुरम्मा कोरडी हाय!"

"कालबी कोरडीच होती, मायला."

"ती जलमाचीच कोरडी!"

पोरं हसत गेली. माणिकप्पा पाटीसमोर उभा राहिला. टोपी काढली, परत घातली, आणि तडक कक्षात गेला.

"या, या, आप्पा!" रेणुकादास सर उठून उभे राहिले. देणगीदार दिसला की ते आपोआप उठायचे. "शेषेराव, चहा सांगा."

"चहा ऱ्हाऊ द्या. टाकीत पाणी सोडा, न्हाईतर नाव काढा."

"नाव कसं काढणार? भिंत फुटेल. त्याला ठराव लागतो."

"मग पाणी सोडा."

"आप्पा, देणगी टाकीची होती," सर मायेनं म्हणाले. "पाणी हा स्वतंत्र विषय आहे. त्यासाठी वेगळा दाता शोधतोय आम्ही. तुमच्या डोळ्यांसमोर कुणी असेल तर..."

माणिकप्पानं पाठ फिरवली. बाहेर जीपपाशी शेषेराव हळूच म्हणाला, "आप्पा, वाईट वाटून घिऊ नका. समदीकडंच पाण्याची बोंब हाय."

"समदीकडं?"

"सरच्या घरी हाय म्हणा. हे कुंपणापल्याडचं घर त्येंचंच. बोअरला लई पाणी. गुलाबाला सोडत्यात."

"घरी कोण असतंय?"

"म्हातारी आई. इंदूबाई."

"भली बाई हाय का?"

"हाव. लई भली."

"मंग तर बरंच," माणिकप्पा म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदाच तो हसला, आणि शेषेरावला उगीचच घाम फुटला.

पुढच्या आठवडी बाजाराला सरांना निलंग्याचं निमंत्रण गेलं. आप्पांच्या मनात काहीतरी मोठं आहे, एवढाच निरोप. सर इस्त्रीच्या कपड्यांत आले. माणिकप्पानं हार घातला. मग कापडवाल्यानं घातला, अडत्यानं घातला, मिरचीवाल्या सरजाबाईनंही घातला. सर संकोचानं हसत होते. मान दिसेनाशी झाल्यावर माणिकप्पानं माइक हातात घेतला.

"मंडळी! दानशूर रेणुकादास सरांनी आपल्या घरची बोअर कॉलेजच्या टाकीला दिली हाय! दुष्काळ सरंस्तोवर!"

पहिली टाळी शेषेरावनं वाजवली. हातांची सवय, डोक्याला विचारायला ते थांबले नाहीत. त्यामागून सगळा बाजार वाजला.

"आणि एवढ्यावर सर थांबले न्हाईत! माझ्या बायकोचं नाव काढून टाकीला आपल्या मातोश्री इंदूबाईंचं नाव लावणार हायत!"

सर शेषेरावकडे बघत होते. शेषेराव अजून टाळ्या वाजवत होता.

"पाणी तुम्ही सोडणार न्हाई, ठावं हाय मला. आता पोरं 'कोरडी' म्हणतील ते तुमच्या आईला," माणिकप्पा माइक बाजूला धरून सरांच्या कानात म्हणाला. "ऐकत बसा गुलाबात."

ठराव आला, गवंडी आला. भिंतीला काही झालं नाही. गुरम्माची पाटी मात्र काढताना फुटली. माणिकप्पा आपला सूड बघायला लातूरला गेला, तेव्हा टाकीशी पोरांची झुंबड होती आणि सगळे नळ धो धो वाहत होते. इंदूबाई काठी टेकत उभ्या होत्या. आपलं नाव कोरडं राहणार म्हटल्यावर त्यांनी लेकाला न विचारता पाइप कुंपणावरून टाकला होता आणि गुलाब उपटले होते.

"आजी, तुमचं पाणी लई गोड हाय!" भोकरचं पोरगं म्हणालं.

"उन्हाचे आलात, अहो," त्या माणिकप्पाला म्हणाल्या. "आधी पाणी प्या, मग बोला."

त्यांनी भांडं पुढं केलं. त्यात वाईट म्हणावं असं काही नव्हतं. माणिकप्पा सगळं पाणी प्यायला. पाटीचे तुकडे पिशवीत घालून तो स्टँडवर आला, आणि निलंग्याची गाडी लागेपर्यंत त्यानं एक अर्ज लिहिला:

'मा. जिल्हाधिकारी साहेब, लातूर यांस. विषय : पाण्याबाबत. महोदय, कॉलेजातील टाकीस माझी पत्नी कै. गुरम्मा हिचे नाव होते तेव्हा टाकी कोरडी होती. आता पाणी आहे, नाव नाही. सध्याच्या पाण्याबद्दल व मातोश्री इंदूबाईंबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. तरी सदर टाकीत आधीचे नाव असतानाही पाणी होते, असे पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करून तसे तेव्हाच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.'