बीरगावची चिठ्ठी

यशवंतरावांनी पस्तीस वर्षं रायपूरच्या विद्यापीठातला कीटकांचा संग्रह सांभाळला, आणि पस्तीस वर्षं एकच पाठ सगळ्यांच्या डोक्यात ठोकला: वही हरवते, चिठ्ठी टाचणी सोडत नाही. किडा कुठं सापडला, कधी, कशातून निघाला, ते त्याच्याच टाचणीवरच्या नखाएवढ्या चिठ्ठीवर लिहायचं. अहो, होती ती नोंदवहीसुद्धा बंद करून टाकली! त्यांच्यापुढं बोलायची हिंमत कुणाची?

निवृत्तीला बारा वर्षं झाली आणि बंगळुरूहून त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीचा, मंजिरीचा फोन आला.

"सर, बीरगावच्या तिवऱ्यातल्या, म्हणजे लाखोळीच्या शेंगेतल्या, अळीतून निघालेली ती बारकी गांधीलमाशी नवी जात आहे. धानातलीसारखीच दिसते, फरक फक्त ती कशातून निघाली त्याचा, म्हणून चिठ्ठीसकट पाठवा. इतक्या जुन्या किड्याची डीएनए तपासणी होत नाही. काकूंचं नाव देऊ तिला."

काकू म्हणजे वनमालाबाई. जन्मभर नवऱ्याला किडे पकडायच्या जाळ्या शिवून दिल्या, बीरगावच्या त्या तिवऱ्याच्या शेंगाही त्यांनीच बसून सोलल्या, आणि गेल्या पौषात त्या गेल्या. त्या शेतांवर आता कारखाने आहेत. तशी माशी पुन्हा मिळायची नाही. यशवंतराव इस्त्रीचा शर्ट घालून ब्राह्मणपाऱ्यातल्या घरातून रिक्षानं निघाले.

संग्रह आता यशदीपकडं. पोरगा मराठीच, पण तोंडात हिंदी. त्यानं मोठ्या हौसेनं पेटीचं काचेचं झाकण उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि म्हाताऱ्याला बरं वाटलं.

"देखिए सर! कमेटी आने वाली थी, पुराने लेबल पीले पड़ गए थे. मैंने सब नए छपवा दिए."

अकरा गांधीलमाश्या. अकरा पांढऱ्याशुभ्र चिठ्ठ्या. अकराहीवर तेच छापलेलं: रायपूर, छत्तीसगड.

"जुन्या कुठी हायेत?"

"कचरे में गए, सर. दिवाली के पहले."

"काहून केलं रे असं, पोट्ट्या? निदान वहीत तरी..."

वहीचं नाव तोंडात आलं आणि यशवंतरावांनी जीभ चावली. वही कुणी बंद केली होती? रागावायचं तरी कुणावर?

भिंग डोळ्याला लावून ते तासभर वाकून बसले. दहा धानातल्या, एक तिवऱ्यातली, आणि दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी. यशदीपलाही आता काय झालं ते उमगलं होतं. बिचारा रडवेला झाला.

"सर, किसी एक पर बीरगांव लिख देते हैं. किसको पता चलेगा?"

खरं सांगू? म्हाताऱ्यानं पेन उचललं होतं. चौथी त्यांना तीच वाटली. मग सातवीही तीच वाटायला लागली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात मंजिरीचा फोन. "सर, सापडली का?"

"आहे पोरी, इथंच आहे, माह्या डोळ्यापुढं," यशवंतराव म्हणाले. "कोणती, ते मले सांगता येत नाही."