शेऱ्याचा रकाना

"सतरा नंबर," मोठ्या बाई म्हणाल्या. "वाचा मिस्त्री. थांबलात का?"

बायकोचं अक्षर मिस्त्रींशिवाय कुणाला लागत नव्हतं, आणि या पानावरचं त्यांनाही एकदा वाचून खरं वाटेना.

ती चौथीला शिकवायची. निकालाला तीन आठवडे असताना गेली. श्रेण्या लावून झाल्या होत्या, शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा होता. सगळ्यांना 'समाधानकारक' लिहून टाकू, असं शाळेत ठरतच होतं, तेवढ्यात मिस्त्री तिची वही घेऊन आले. आता ते वाचत होते, मोठ्या बाई प्रगतिपुस्तकांत उतरवत होत्या आणि पालक रांगेत उभे होते.

मिस्त्रींचा जन्म कारखान्यात लेथवर गेला. दिवसाला दोनशे नग तपासायचे. मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, अडकला तर भंगार. जेवण गार करून बायको वही लिहीत बसली की ते म्हणत, "अगं, चाळीस पोरं आहेत. ठीक लिही आणि मोकळी हो." ती हसायची. काय लिहितेस, असं त्यांनी कधी विचारलं नाही.

सकाळपासून सोळा पोरं झाली. एकासारखं दुसरं नव्हतं. पाच नंबरचा मुलगा प्रश्न कळला नाही की खोकतो. ते ऐकून त्याची आई ओरडलीच, "अगंबाई! आणि मी मेली औषध पाजतेय!" अकरा नंबर उत्तर येत असूनही शेजारणीला आधी बोलू देते. माणसाला एवढं दिसतं? आणि ते डोळे रोज आपल्यासमोर बसून जेवत होते?

"सतरा नंबर आमची," ट्रकवाला पुढे आला. मुलगी त्याच्या मागे. "गणितात ड ना? माहितीय. डोकंच नाही तिला. यंदा बसवतो घरी. धाकट्याला तरी सांभाळेल."

"आधी ऐकून तर घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी चष्मा पुसला. "'वजाबाकी खड्यांवर बिनचूक करते. कागद दिला की घाबरते. दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा मी चिडले. हा ड तिचा नाही, माझा आहे. पाचवीच्या बाईंना सांगणे: खड्यांपासून सुरुवात करा. चिडू नका.'"

मोठ्या बाईंचं पेन थांबलं. "असंच लिहू?"

"असंच. तिनं कुठं खोडलेलं नाही."

"बाईंनी स्वतःला ड दिला?" ट्रकवाल्यानं विचारलं. "आमच्या हिच्यापायी?"

"दिलाय."

त्यानं मागे मुलीकडे पाहिलं. मग मोठ्या बाईंकडे वळून म्हणाला, "पाचवी कुठं भरते?"

"जिना चढून दुसरी खोली."

मोठ्या बाईंनी शेरा उतरवून पुढं केलेलं प्रगतिपुस्तक त्यानं मुलीच्या हातात दिलं. "मला एवढं नीट येत नाही. तू वाच."

ती अक्षरांखाली बोट धरून वाचू लागली. शेवटाला पोचली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मागे तेवीस माणसं उभी होती. कुणी घाई केली नाही.