अल्माझनं भरवलेला घास

पंच्याऐंशी साल. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या चर्चचं बेसमेंट, मराठी मंडळाचं कीर्तन, फोल्डिंगच्या खुर्च्या; पण पुरुषोत्तमबुवांनी झांज हाती घेतली आणि तिथं देऊळच झालं. भक्ताचं उष्टंसुद्धा देव आवडीनं खातो, असं बुवा गाऊन सांगू लागले, तेव्हा सरलाकाकूंचा पदर डोळ्यांवरून हलेना.

आरतीनंतर जेवणं होती. चर्चनं त्या वर्षी इथिओपियाच्या अल्माझला आणि तिच्या दोन मुलींना आसरा दिला होता. "तिला इथं कुणी नाही, सांभाळून घ्या," असं पास्टरांनी मंडळाला सांगितलं आणि काकूंनी ते मनावर घेतलं. इंडियन ग्रोसरीत नेऊन लाल मिरच्या, मेथ्या, ओवा दाखवला, तर अल्माझ दुकानातच रडली होती. आज तिनं पहिल्यांदाच सगळ्यांसाठी रांधलं होतं. आंबोळीसारख्या जाळीदार, परातीएवढ्या पोळ्या आणि मसुराची लालभडक आमटी.

"काकू, तुमच्या लोकांना आवडेल ना?" सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

मुली एका मोठ्या ताटात जेवत होत्या. अल्माझनं त्याच ताटातली पोळी तोडली, आमटीत घोळवली आणि घास काकूंच्या तोंडाशी नेला.

काकूंची मान झटक्यात मागे गेली. "अगं, उष्टं!"

शब्द अल्माझला कळला नाही. चेहरा कळला. घास काकूंच्या साडीवर पडला.

"आमच्याकडे मान द्यायचा असला की असं भरवतात," थोरली मुलगी इंग्रजीत हळूच म्हणाली.

"काय गं," काकूंचे यजमान उल्हासराव पुटपुटले, "आत्ता बुवांपुढे रडत होतीस ती तूच ना?"

"गप्प बसा हो."

काकू सॉरी सॉरी म्हणत होत्या, आणि साडी पुसता पुसता अल्माझही सॉरी सॉरी म्हणत होती. बुवा पलीकडेच ताक पीत उभे होते. काकूंना तिकडे बघवेना.

पुढच्या रविवारी काकू मुद्दाम उपाशीपोटी चर्चच्या जेवणाला गेल्या आणि मायलेकींच्या ताटाशी जाऊन बसल्या. अल्माझ हरखली. धावत आत गेली आणि फॉइलनं झाकलेली वेगळी प्लेट घेऊन आली. वर वेष्टनातला प्लास्टिकचा चमचा.

"तुमच्यासाठी. कुणी हात लावला नाही."

"नको गं, ह्यातलंच दे. भरव मला." काकूंनी लहान मुलासारखा आ केला.

अल्माझ हसली. मायेनं त्यांचा हात थोपटला. "नाही काकू. मला आता तुमची पद्धत कळली. पुढच्या आठवड्यात आमच्याकडचं आणखी एक कुटुंब येतंय ना, त्यांनाही सांगून ठेवीन, इंडियन लोकांना हातानं भरवायचं नाही."

काकूंनी चमच्याचं वेष्टन फाडलं.