चौथ्या प्रकरणाखालचं अर्धं पान

माझ्या सतरा पुस्तकांत आजवर एका सशानं, दोन खारींनी, एका गर्विष्ठ ढगानं आणि एकदा तर चक्क चमच्यानं माफी मागितली आहे. चमच्याचा गुन्हा काय होता ते आता मला आठवत नाही. संपादकबाईंना आठवत असेल. माफी त्यांनीच घालायला लावली होती.

अठराव्या पुस्तकात मात्र ससे-खारी नव्हत्या. मी होते, वय वर्षं आठ, आणि माझी आई होती.

"छान झालंय," संपादकबाई म्हणाल्या. त्या 'छान' म्हणाल्या की मी खुर्चीत सावरून बसते. "फक्त शेवटी मुलीला 'आई, मी चुकले' एवढं म्हणू द्या. एकच ओळ."

"ती म्हणाली नव्हती."

"अहो, पुस्तकात म्हणेल. वाचतात मुलं, पण निवडतात पालक."

"आणि नाही म्हणाली तर?"

त्यांनी माझी पानं टेबलावर आपटून एकसारखी केली. "शुक्रवारी छपाई. त्या ओळीशिवाय जाणार नाही."

घडलं होतं ते असं. आई घरी टायपिंगची कामं घ्यायची. त्या वर्षी बटाट्यावरच्या किडीचा एक प्रबंध होता. चौथं प्रकरण संपलं तिथं अर्धं पान कोरं राहिलं होतं. पान अजून मशीनमध्येच, खाली कार्बनसकट. आई शेजारी गेली होती. इतकी चांगली जागा वाया चाललेली मला बघवेना. मी त्या किडीची गोष्ट टाइप केली: बटाट्यात जागा पुरत नाही म्हणून ती बिऱ्हाड घेऊन भोपळ्यात राहायला जाते. आईच्या लेखी ते पान तपासून झालेलं. तिनं न बघताच ते गठ्ठ्यात लावलं. सगळ्या प्रती बांधून परीक्षकांकडे गेल्या. एका परीक्षकानं भोपळ्याशेजारी समासात लिहिलं, 'या निष्कर्षाला आधार काय?'

आई माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही. निरोप दादामार्फत यायचे. "तिला सांग, दूध गार होतंय." मी समोरच बसलेली असायचे. मीही दादाला म्हणायचे, "तिला सांग, पितेय." माफी मागितली नाही, कारण त्या अख्ख्या प्रबंधात वाचण्याजोगं तेवढं अर्धंच पान आहे असं मला मनापासून वाटत होतं. अजूनही वाटतं. बाराव्या दिवशी वाऱ्यानं कागद उडाले, आई म्हणाली, "खिडकी लाव," आणि मी लावली. पुस्तकही तिथंच संपतं.

संध्याकाळी दादाचा फोन. दादा मुख्याध्यापक, संपादकबाईंची पुस्तकं त्याच्या शाळेत जातात, त्यामुळे बातमी माझ्याआधी घरी पोचली होती.

"बबडे, एक ओळ लिहिलीस तर हाताला फोड येणार आहेत का?"

"दादा, तेव्हाही तू निरोपच पोचवत होतास."

"थट्टा पुरे. आई एक्याऐंशीची आहे. या वयात तिला चारचौघांत वाईट ठरवणार आहेस का?"

हे मात्र लागलं. मी पानं उचलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईकडे गेले.

आई डोळे मिटून ऐकते. समोरच्याला वाटतं झोपली. वाचत वाचत किडीपर्यंत आले, तशी ती म्हणाली, "नऊ चुका होत्या."

"कशात?"

"त्या अर्ध्या पानात. माझ्या हातून गेलेल्या कागदावर नऊ चुका! गोष्ट लिहिलीस त्याचा राग कुणाला होता? वाईट नव्हती गोष्ट."

"आई, मी आठ वर्षांची होते."

"मग? मशीन तर मोठ्यांचंच होतं ना!"

चाळीस वर्षं मी वेगळ्याच गुन्ह्याची शिक्षा मिरवत होते. मी आपली मुद्द्यावर आले. "शेवटी मी माफी मागावी असं संपादकबाई म्हणताहेत. नाहीतर छापणार नाहीत."

"तेव्हा मागितली होतीस?"

"नाही."

"आता मागायचीय?"

मी खरोखर विचार केला. "चुकांबद्दल मागेन. गोष्टीबद्दल नाही."

"मग पुस्तकात कोण मागतंय?" लगेच तिनं विचारलं, "मी यात वाईट दिसते का गं?"

"थोडी."

"थोडी चालेल."

तेवढ्यात संपादकबाईंचाच फोन आला. आईला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला. बाई खुशीत होत्या. "मार्ग सापडलाय! मुलगी नको तर आईला माफी मागू द्या. हल्ली पालकांनी मागितलेली खूप आवडते लोकांना."

"मी?" आईनं डोळे उघडले. "मशीनला हात मी लावला होता का?"

बाई दचकल्या. "कोण बोलतंय?"

"पुस्तकातली आई," मी म्हणाले. "बाई, माफी कुणीच मागणार नाही. मुलगी नाही, आई नाही. ढग मिळाला तर बघते."

"मग मला हे परत पाठवावं लागेल. नीट विचार करा. सतरा पुस्तकं केलीत आपण."

"त्या सतरांत मीच माफी मागत होते, बाई. पाठवा परत."

मी फोन ठेवला.

"आता कोण छापणार?" आईनं विचारलं.

"माहीत नाही. कदाचित कुणीच नाही."

"हं," आई म्हणाली आणि उशी पाठीशी घेऊन तिनं पुन्हा डोळे मिटले. "मध्येच थांबलीस. पुढे वाच. आणि मी म्हणते त्या वाक्यांना जरा आवाज चढव. मी एवढं हळू कधी बोलले नाही."