तू

मराठीचा फुकट स्पेलचेकर आम्ही काही जण इंटरनेटवर मिळून बनवत होतो. त्यात मी आमच्या उरणच्या बोलीतले ‘हाय’, ‘नाय’ हे शब्द घातले. प्रमुख निनाद यांनी ते काढून टाकले. वर लिहिलं, ‘कल्पेशजी, कृपया आपण आधी शुद्ध मराठी शिकावी.’

माझं डोकंच फिरलं. लिहिलं, ‘तू कोण ठरवणार?’ आमच्या कोळ्यांत बापालाही तूच म्हणतात!

ग्रुपने निकाल दिला: निनादजी सभ्य, मी असभ्य. माफी मागेपर्यंत बंदी. अर्धं काम माझं होतं, सोडवेना.

पनवेलच्या खोलीवर माफी लिहायला बसलो. ‘आपला अपमान करायचा माझा विचार नाय.’

मीच बनवलेल्या स्पेलचेकरने ‘नाय’खाली लाल रेघ मारली.

दातओठ खात मी ‘नाही’ केलं.